नावाड्याची मनधरणी

हो म्हणायची तयारी नसेल तर टकळीसमोर बसू नये, असं तिच्या ऑफिसात नवीन येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगत. खोटं नव्हतं ते. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवी पडून, तोंडात आरसा घातलेला असताना, अक्कलदाढ काढायची काही गरज नाही हे तिने त्या डॉक्टरलाच पटवून दिलं होतं. टकळी हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं. लहानपणी ती बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून. घरातून ते नाव गल्लीत गेलं, गल्लीतून शाळेत, शाळेतून ऑफिसात. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथे ते सुखाने नांदत होतं.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. दूरच्या एका कंपनीने केलेला अवाढव्य व्हिडिओ गेम मराठीत आणायचं काम तिथे चाललं होतं. राजे, चेटकिणी, शापित किल्ले, बोलणारे कोल्हे, आणि या सगळ्यांत वावरणारी सहाशे माणसं. त्या सहाशे माणसांच्या तोंडी मराठी घालायची, हे टकळीचं काम. या गेममध्ये तलवारीपेक्षा जीभ मोठी होती. पहारेकरी असो, राणी असो, खेळणाऱ्याने त्यांना बोलून बोलून आपल्या बाजूला वळवायचं. या कौशल्याला साहेबांनी 'मन वळवण्याची क्षमता' असं नाव दिलं होतं. टकळीने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. अहो, हा गेम आहे की खात्याची परीक्षा? तिने सरळ 'मनधरणी' लिहिलं. मनधरणीचे चार प्रकार केले: लाडीगोडी, धाक, विनवणी आणि थाप. समोरच्या पात्राच्या डोक्यावर एक लाल पट्टी दिसायची, तिला तिने नाव दिलं 'हट्ट'. तुमचं बोलणं लागू पडलं की हट्ट उतरायचा. पट्टी पूर्ण पुसली गेली की पात्र तुमचं ऐकायचं. चारांत थाप सगळ्यात जालीम. जगातही तसंच आहे, पण तिथे पट्टी दिसत नाही एवढंच.

या सहाशे जणांत एक नावाडी होता. धुक्यातल्या एका नदीकाठी तो पाठमोरा उभा असायचा, डोक्याला फडकं, हातात वल्हं. पलीकडच्या गावात रोगाने माणूस शिल्लक नाही, आणि तिथली घंटा कोणीतरी जाऊन वाजवल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. खेळणाऱ्याने नावाड्याची मनधरणी करायची. तो अडून बसतो, शेवटी तयार होतो, होडी धुक्यात शिरते, घंटा वाजते. नावाडी परत येत नाही. सगळ्या भाषांत तो तिथेच संपायचा.

त्याचा आवाज दादाचा होता.

दादा बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचा. आवाज असा की चुकीच्या गाडीत बसलेली माणसं तो ऐकून आपणहून उतरायची. आणि हट्टी. हट्टी म्हणजे किती, तर आई म्हणाली भाजीत मीठ कमी आहे, की हा म्हणणार जास्त आहे, आणि ते सिद्ध करायला पाण्याचा घोट न घेता ताट संपवणार. स्टँडवरच्या कंट्रोलरने गाडी तीन नंबरला लागेल असं लिहून दिलं आणि गाडी पाचला उभी दिसली, तर हा पाचच सांगणार. मग कागद फाटो नाहीतर कंट्रोलर. अशा माणसाला नावाड्याच्या भूमिकेसाठी टकळीनेच ओढून आणलं होतं. मला तुझ्या हट्टाचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग होतोय, असं ती त्याला म्हणाली होती.

रेकॉर्डिंगला चौऱ्याऐंशी वाक्यं. त्र्याऐंशी अर्ध्या दिवसात झाली. शेवटचं वाक्य अडलं. टकळीने मुळात ते 'बरं, येतो' असं लिहिलं होतं. घरातून निघणारा माणूस आणखी काय म्हणणार? पण साहेबांना ते पटलं नाही. हा माणूस मरायला निघालाय, येतो म्हणाला तर खेळणाऱ्याला वाटेल परत येईल, 'जातो' करा. टकळीने केलं. दादाने कागद वाचला आणि खाली ठेवला. आपल्यात जातो म्हणत नाहीत, तो म्हणाला, मी म्हणणार नाही. टकळीने त्याला लाडीगोडी लावली, धाक घातला, हातापाया पडली. पाऊण तास गेला. आवाज रेकॉर्ड करणाऱ्या बाई काचेपलीकडे जांभया देऊ लागल्या. शेवटी टकळीने थाप मारली. मी आईला विचारलंय, ती म्हणाली नाटकातलं बोललेलं लागत नाही. दादाने तिच्याकडे एकदा बघितलं, माइकपाशी तोंड नेलं आणि पहिल्याच झटक्यात म्हणाला, "बरं. जातो." बाहेर येऊन चपला घालताना तो हसत म्हणाला की टकळे, तुझ्यापुढे माणसाचं काही चालत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला निघाला. दारात उभा राहून त्याने गंमत म्हणून नावाड्याचा आवाज काढला: बरं, जातो. आई आतून ओरडली, येतो म्हण रे. तो हसला आणि जिना उतरला. तो हसण्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला. स्टँडवर तो पोचलाच नाही. फोन बंद. या गोष्टीला सात महिने झाले होते.

पोलिसांना टकळीने सगळं सांगितलं, एवढं सोडून. सांगणार तरी कसं? एका शब्दाने माणूस नेला म्हणून तक्रार लिहून घेतात का कुठे? आई रोज तीन ताटं वाढायची. एक झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी न बोलता तेच अन्न स्वतः खायची. टकळीचं घरातलं बोलणं बंद पडलं. बाहेर मात्र ती बोलत राहिली, कारण तो तिचा धंदा होता.

तर सात महिन्यांनी एका सकाळी ढेकूण तिच्या टेबलापाशी आला. ढेकूण म्हणजे गेममधल्या चुका शोधणारा गृहस्थ, दोन मुलींचा बाप, जेवणाखेरीज खुर्ची सोडायचा नाही म्हणून हे नाव. तो म्हणाला, तुमचा नावाडी अडलाय. मनधरणीचे सगळे प्रकार वापरले, हट्ट उतरत उतरत केसभर उरतो आणि तिथेच थांबतो. मग नावाडी काही बोलत नाही आणि होडीही हलत नाही. इतर सगळ्या भाषांत मुकाट जातो, मराठीतच जात नाही. दोन दिवस तंत्रज्ञ मंडळींनी आतलं सगळं उलटंपालटं करून पाहिलं. चूक सापडली नाही.

टकळीने सात महिने तो काठ टाळला होता. आता ढेकणाच्या खुर्चीत बसून तिने हेडफोन घातले. धुकं, पाणी, पाठमोरा माणूस. चेहरा त्याला काढलेलाच नव्हता. दोन मिनिटांच्या पात्राला चेहरा कशाला, म्हणून मूळ कंपनीने पाठमोरा उभा करून भागवलं होतं. तिने लाडीगोडीचं वाक्य निवडलं, तुमच्यासारखा नावाडी या पाण्यावर दुसरा नाही. "उगाच गोड बोलू नकोस," दादा म्हणाला, "दात किडतील." टकळीला आधी रडू आलं, आणि मग, लपवायचं कशाला, आनंद झाला. गेला नाही तो. अडून बसलाय. केसभर का होईना, हट्ट शिल्लक आहे.

आणि मग तिच्या डोक्यात ते आलं. जातो म्हणून गेला, तर येतो म्हणून येईल.

आता तुम्ही म्हणाल, शिकलीसवरलेली बाई, असं कसं वाटलं हिला? वाटलं. ज्याच्या घरातलं माणूस सात महिने नाही त्याने शहाणपणावर बोलावं, बाकीच्यांनी गप्प बसावं हे बरं. तिने साहेबांना गाठलं आणि शेवटचं वाक्य बदलून 'येतो' करायची परवानगी दहा मिनिटांत मिळवली. त्या आवाजात रेकॉर्डिंग कुठून आणणार, असं साहेबांनी विचारलं. चार दिवसांत आणते, ती म्हणाली.

तिची पद्धत साधी होती. खेळणाऱ्याची वाक्यं तीच लिहायची, म्हणजे नवीनही तिला घालता येत होती. दुपारी सगळे डबे घेऊन खाली गेले की ती ढेकणाच्या खुर्चीत बसायची. उन्हं टेबलावर आलेली असायची, खाली चष्मेवाला गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावत असायचा, आणि वर ही बाई धुक्याशी बोलत असायची. पहिल्या दिवशी तिने विनवणीत एक वाक्य घातलं, घरी वाट बघतायत. नावाडी म्हणाला, "वाट बघणाऱ्याने दिवा लावून निजावं." हे एकतिसावं वाक्य, तिनेच लिहिलेलं. यंत्राने चौऱ्याऐंशीतलं कुठलं तरी एक उचललं, दुसरं काय. पण ऐकायला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, आई रोज तुझं ताट वाढते. "ताट झाकून ठेव," तो म्हणाला. हे बावन्नावं. खेळणाऱ्याने भाकरी देऊ केली तर म्हणायचं. मग तिने धाक घालून पाहिला, आला नाहीस तर तुझा रेडिओ भंगारात देईन. "होडी माझी, पाणी माझं, मर्जी माझी," असं उत्तर आलं, आणि टकळी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसली. अगदी तोच ठसका. पट्टीतला तो लाल केस किंचित थरथरला, पण पुसला गेला नाही.

तिसऱ्या दिवशी तिने कौशल्य बाजूला ठेवलं आणि खरं तेच लिहिलं. दादा, चुकलं माझं. तो शब्द मी तुझ्या तोंडात घातला. आता येतो म्हण.

वल्ह्यावरचा त्याचा हात वर सरकला आणि थांबला. मग तो पाठमोराच म्हणाला, "टकळे, पुरे."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि दोन हात लांब सरकली. हे वाक्य चौऱ्याऐंशीत नव्हतं. जेवून आलेल्या आवाजवाल्या बाईंना तिने बाजूला घेतलं. रेकॉर्डिंगच्या मधलं काही बोलणं चुकून आत राहिलंय का, तेवढं बघा. बाईंनी सगळ्या फायली उघडून दाखवल्या, कापून टाकलेले तुकडेही ऐकवले. त्यात दादाचा खोकला होता, पाणी मागणं होतं, आईला फोन करून उशीर होईल सांगणं होतं. टकळे, पुरे असं कुठेच नव्हतं. बाईंनी तिचा हात धरून विचारलं की घरी सोडू का. नको, ती म्हणाली.

इथे कोणीही थांबलं असतं. भाऊ म्हणतोय पुरे, तर पुरे. पण सवय वाईट. जो पुरे म्हणतो तो ऐकत असतो, हे टकळीच्या विद्येचं पहिलं सूत्र होतं. जो ऐकत असतो तो अर्धा वळलेला असतो, हे दुसरं. तो का अडलाय, त्याला कशाची भीती वाटतेय, हे तिने त्याला विचारलं नाही. उरलेला केस कसा पुसायचा, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. उरली होती थाप.

चौथ्या दिवशी सकाळी तिने आधी घरी फोन केला. आई तांदूळ निवडत होती. काही नाही गं, सहज केला, असं म्हणून टकळीने तिला थोडा वेळ बोलू दिलं आणि तिचा आवाज कानात भरून घेतला. दुपारी सगळे खाली गेल्यावर तिने थापेच्या रकान्यात दोन शब्द लिहिले. आई गेली.

तिने ते निवडलं आणि पट्टीकडे बघत बसली. लाल केस पुसला गेला. नावाड्याच्या खांद्यांतलं काहीतरी खाली बसलं, उभा माणूस उभ्याउभ्या झोपी जावा तसं. "बरं," तो म्हणाला. त्या आवाजात ठसका नव्हता, दुःखही नव्हतं. "येतो." होडी काठावरून सुटली आणि धुक्यात गेली. टकळीने घंटेची वाट पाहिली. घंटा वाजली नाही. होडी दिसेनाशी झाली तरी वल्ह्याचा आवाज लांब जायच्या ऐवजी जवळ जवळ येत होता, आणि मग तो एकदम थांबला.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला ऑफिसात फोन आला. आईचा आवाज अगदी नेहमीचा होता, जसं काही दूधवाला आला असं सांगावं. "दादा आलाय," ती म्हणाली, "हातपाय धुतोय. तू ये."

टकळी धावत सुटली. जिन्यात चप्पल तुटली ती तिथेच टाकून वर आली. दादा टेबलापाशी बसला होता. तोच शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेला. वाळला होता, दाढी वाढली होती, पण दादाच. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, रडत होती आणि मधेच हसत होती. टकळीने त्याला मिठी मारली. अंगाला ऊब होती, छातीत ठोके होते. देवा, माणूस आहे, तिने मनात म्हटलं. मग ती त्याच्या तोंडाकडे बघून वाट पाहू लागली. आई गेली म्हणून याला बोलावलं आणि आई तर समोर उभी आहे. आता हा चिडणार, तिचा कान पिळणार. तो शांत बसून होता. आई आत गेल्यावर तिने हळूच सांगितलं की मी तुला थाप मारली.

"बरं," दादा म्हणाला.

आईने ताट वाढलं. या वेळी झाकलं नाही. मीठ बरोबर आहे ना, तिने विचारलं. बरोबर आहे, तो म्हणाला. की जरा कमी पडलं? कमी पडलं, तो म्हणाला. नाही रे, मला वाटतं जास्तच झालंय. हो, जास्त झालंय. आई पदर तोंडाला लावून हसली, केवढा शहाणा होऊन आलाय बघ, असं टकळीला म्हणाली. टकळीचा घास हातातच राहिला. तिने दादाचे तळहात पाहिले. आयुष्यभर नुसतं बोलून पोट भरणाऱ्या माणसाच्या तळहातांवर जाड घट्टे पडले होते.

पोलीसठाण्यात जावंच लागलं. अधिकारी चांगला होता. घरी भांडण झालं म्हणून गेलात का, त्याने विचारलं. हो, दादा म्हणाला. की दुसरीकडे काम मिळालं होतं? हो. मग भांडण नव्हतं? नव्हतं. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवून टकळीकडे पाहिलं. कुठे होतात तेवढं तरी सांगा. "पलीकडे," दादा म्हणाला. एवढं एकच उत्तर त्याने आपणहून दिलं. अधिकाऱ्याने मानसिक ताण असं काहीतरी लिहिलं, आणि दादाने न वाचता सही केली.

स्टँडवरच्या कंट्रोलरने त्याला आनंदाने परत घेतलं. आठवड्यातच त्याचं कौतुक टकळीच्या कानावर आलं. काय सुधारलाय तुमचा भाऊ, कागदावर जे असेल तेच वाचतो. एक दिवस कागदावर जुनी तारीख होती, त्याने जुन्या तारखेच्या गाड्या सांगितल्या. माणसं सामान घेऊन इकडून तिकडे पळाली. कंट्रोलरला त्याचंही काही वाटलं नाही, तक्रार तर कोणी केली नाही ना. आणि एक दिवस दादा घरी वेळेवर आला नाही. आईच्या काळजाचं पाणी झालं. टकळी शोधत निघाली, तर तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापुढे उभा. दुकानदार दुपारी कुठेतरी जाताना म्हणाला होता, जरा इथे थांबा हं, आणि विसरून गेला होता. दादा चार तास उभा होता. सावली त्याच्यावरून सरकून गेली होती आणि त्याची मान उन्हाने लाल झाली होती. चल, टकळी म्हणाली. तो चालू लागला.

त्या दिवसापासून टकळी त्याच्याशी जपून बोलू लागली. तिला, टकळीला, शब्द मोजून वापरायची वेळ आली. बस म्हटलं की तो बसायचा, आणि ऊठ म्हणायची आठवण ठेवावी लागायची. झोप म्हटलं की डोळे मिटायचा. एकदा वैतागून तिच्या तोंडून जा तिकडे असं निघालं आणि तो भिंतीपर्यंत गेला. भिंतीला नाक लावून उभा राहिला. आई मात्र सुखात होती. पोरगं ऐकायला लागलं, आयुष्यभर तिने हेच मागितलं होतं. टकळीला आईचा राग यायचा, मग स्वतःचा यायचा, आणि स्वतःचा आला की तो जायचा नाही.

तिने ऑफिसात नदीकाठ उघडून पाहिला. काठ रिकामा होता. धुकं होतं, पाणी होतं, नावाडी नव्हता. ढेकूण चार दिवस त्याला शोधत होता, सापडला नव्हता. शेवटी मूळ कंपनीने नवीन नावाडी पाठवला, दुसऱ्याच कोणाचा आवाज घेऊन. तो मुकाट जायचा. टकळीने ढेकणाला विचारलं की एखाद्या पात्राचा हट्ट पुसला गेला, तर तो परत कधी भरतो? दुसऱ्या दिवशी भरतो, ढेकूण म्हणाला. पहारेकऱ्याचा भरतो, राणीचा भरतो. प्रत्येकाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं किती भरायचा ते.

"आणि नावाड्याचा?"

"त्याचा रकाना कोरा आहे," ढेकूण म्हणाला. "त्याचा कशाला भरायचा? तो परत येतच नाही ना."

टकळी दुपारीच घरी निघून आली. आई शेजारी गेली होती. दादा गॅलरीतल्या खुर्चीत बसला होता, सकाळी तिने बसवला होता तसाच. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. आणि मग सहाशे माणसांना बोलतं करणारी ती बाई आपल्या भावाची मनधरणी करू लागली, उलटी. आधी लाडीगोडी लावली, तू कसा कोणाला जुमानत नव्हतास, आम्हाला केवढा अभिमान होता त्याचा. हो, तो म्हणाला. मग धाक घातला, असाच राहिलास तर लोक तुला ओरबाडून खातील. हो, तो म्हणाला. रेडिओ विकू का तुझा? विक. आईला दुसरीकडे नेऊन ठेवू? ठेव. ती त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. रडू नको असं तो म्हणाला नाही, कारण तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"दादा, माझ्यासाठी एवढं कर. मला एकदा नाही म्हण."

त्याने मान वर केली. तिचं बोलणं पूर्ण संपलंय याची खात्री होईपर्यंत तो थांबला.

"नाही," तो म्हणाला.

आवाज तोच होता, स्टँडभर घुमणारा, आणि क्षणभर तिला वाटलं की जमलं. तिने त्याचे हात घट्ट धरले.

"कशाला नाही, दादा?"

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, पुढचा शब्द तिथून यायचा आहे अशा भरवशाने.

"तू सांग," तो म्हणाला.